आधी पाणी, मग पाणीपट्टी

रविवारची मिस्सा संपली की देवळाच्या पायऱ्यांवर पिकापाण्याच्या गोष्टी निघतात. अलीकडे त्यांत पाणीपट्टीची भर पडली आहे. शहराच्या हद्दीत घर असलेले बंधू बिलाचा कागद पुढे करून विचारतात, "फादर, पाणी तेवढेच आले, मग आकडा कसा वाढला?" शेजारी उभे असलेले विहीरवाले शेतकरी हसतात आणि म्हणतात, "आमची विहीर आमच्या मळ्यात. तुमच्या नळाच्या भानगडीशी आम्हांला काय करायचे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाचे आहे, ते पुढे देऊ. दुसऱ्या बंधूंचे म्हणणे मात्र आम्हांला मान्य नाही. शहराच्या पाण्याचा दर आणि खेड्याची विहीर यांचे नाते काय असते, हे दक्षिण अमेरिकेतील एका शहराला २००० साली फार महाग पडून कळले. त्या लढ्यात ज्यांच्या घरी नळ नव्हता, ज्यांना बिल येत नव्हते, असे शेतकरी सर्वांच्या पुढे होते. म्हणून आज ती हकीकत सांगतो. नंतर आपल्या जवळच्या हुबळी-धारवाड आणि बेळगावच्या अनुभवाकडे येऊ, आणि शेवटी आपल्या घरच्या बिलाकडे.

तळ्याच्या मैदानातील तहान

बोलिव्हिया हा दक्षिण अमेरिकेतील समुद्रकिनारा नसलेला देश. त्याच्या मध्यभागी, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर कोचाबांबा शहर वसले आहे. तेथील क्वेचुआ भाषेत या नावाचा अर्थ 'तळ्याचे मैदान' असा होतो. नाव तळ्याचे, पण शहराला कायमची तहान. शेती चांगली, हवा सुखाची, म्हणून खाणी बंद पडल्यावर आणि डोंगरावरची शेती पिकेनाशी झाल्यावर हजारो कुटुंबे या शहराच्या दक्षिण अंगाला येऊन राहिली. लोक वाढले, पाणी वाढले नाही.

शहराला पाणी पुरवणारी संस्था सरकारी होती. तिचे नाव सेमापा. ती १९६७ साली स्थापन झाली. तिचा कारभार कोणालाच भूषणावह नव्हता. वाहिन्या जुन्या, आणि निम्म्याच्या आसपास पाणी गळतीत व चोरट्या जोडण्यांत जाई. शहरातील कितीतरी घरांपर्यंत नळच पोचला नव्हता. अशा घरांतील बायका टँकरवाल्याची वाट पाहत आणि पिंपात पाणी भरून घेत. नळाच्या पाण्यापेक्षा हे पाणी कित्येक पट महाग पडे, आणि त्याच्या शुद्धतेची हमी कोणी देत नसे. म्हणजे श्रीमंत वस्तीत नळ होता आणि पाणी स्वस्त होते. गरीब वस्तीत नळ नव्हता आणि पाणी महाग होते. वाचकांनी ही गोष्ट मनात धरून ठेवावी, कारण पाणीपट्टीच्या चर्चेत हीच गोष्ट नेहमी विसरली जाते.

शहराची तहान वाढली तशी त्याची नजर भोवतालच्या खेड्यांकडे वळली. १९९० नंतरच्या वर्षांत शहरासाठी खेड्यांत खोल विंधणविहिरी खोदण्याचे काम निघाले, तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. आपल्याकडे पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात तशाच तेथेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या होत्या. कोणाचे पाणी कोणत्या दिवशी आणि किती तास, हे कागदावर नव्हते पण सर्वांना तोंडपाठ होते. खोल विहिरींनी आपल्या उथळ विहिरी आटतील, ही भीती त्यांना होती. नदी, पाट आणि विहीर यांचे पाणी जमिनीखाली एकच असते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

करार झाला, धरण राहिले

सरकारवर कर्जाचा बोजा होता. जागतिक बँकेसारख्या संस्था सांगत होत्या की शहरांचा पाणीपुरवठा खाजगी कंपन्यांकडे सोपवा. कोचाबांबासाठी निविदा मागवल्या गेल्या तेव्हा बोली लावणारा एकच गट पुढे आला. त्याचे नाव 'आग्वास देल तुनारी', म्हणजे तुनारीचे पाणी. तुनारी हा शहराच्या उत्तरेचा पर्वत. या गटात अमेरिकेच्या बेक्टेल कंपनीशी संबंधित संस्थेचा मोठा वाटा होता. स्पेनची एक कंपनी आणि काही स्थानिक भागीदारही होते. सप्टेंबर १९९९ मध्ये ४० वर्षांचा करार झाला. गुंतवलेल्या पैशावर वर्षाला सुमारे १५ ते १७ टक्के परतावा मिळेल, अशी हमी करारात होती.

त्याच करारात मिसिकुनी नावाची मोठी योजना गोवलेली होती. डोंगरापलीकडच्या नदीवर धरण बांधायचे आणि सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून ते पाणी खोऱ्यात आणायचे, हे कोचाबांबाच्या लोकांचे कित्येक दशकांचे स्वप्न होते. स्वप्न चांगले होते, पण त्याचा खर्च प्रचंड होता. हा खर्च, जुन्या संस्थेचे कर्ज आणि कंपनीचा ठरलेला नफा, हे सगळे ओझे कोठून उतरायचे? ते नळाच्या बिलावर आले.

जानेवारी २००० मध्ये नवी बिले घरोघरी पोचली. कंपनीचे म्हणणे असे की वाढ सरासरी ३५ टक्के आहे आणि गरिबांना ती १० टक्क्यांहून जास्त नाही. पुढे प्रत्यक्ष बिले तपासून पाहिली तेव्हा सरासरी वाढ ५० टक्क्यांच्या वर आणि सर्वांत गरीब गटातही ४० टक्क्यांच्या वर निघाली. कित्येकांचे बिल दुप्पट झाले, काहींचे त्याहूनही अधिक. कंपनीने सांगितले की पुरवठा सुधारल्यामुळे लोकांनी पाणी जास्त वापरले, म्हणून आकडे फुगले. काही घरांबाबत ते खरेही असेल. पण धरणाची एक वीटही रचलेली नसताना धरणाचे पैसे आजच का, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते.

त्या वेळी बोलिव्हियात किमान वेतन महिन्याला ७० डॉलरहूनही कमी होते, आणि काही घरांना २० डॉलरच्या आसपास बिल आले. म्हणजे महिन्याच्या कमाईतील चौथ्या हिश्श्याहून अधिक पैसा एकट्या पाण्याला. पाण्यावरचा खर्च घरच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत असावा, असे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने सुचवले आहे. तीन कोठे आणि पंचवीस कोठे! वीज नसली तर कंदील लावता येतो, तेल महागले तर फोडणी कमी करता येते. पाण्याचे तसे नाही. पाण्याचे बिल भरायला माणूस दुधाचे, औषधाचे, शाळेच्या वह्यांचे पैसे काढतो.

विहिरीवाल्यांचा प्रश्न

आता शेतकऱ्यांकडे येऊ. ऑक्टोबर १९९९ मध्ये बोलिव्हियाच्या संसदेने पाण्याचा एक नवा कायदा केला. त्याचा क्रमांक २०२९. ज्या क्षेत्राचा ठेका कंपनीला मिळाला, तेथे पाणी पुरवण्याचा हक्क फक्त त्या कंपनीचा, असा त्याचा रोख होता. शहराच्या कडेला आणि खेड्यांत लोकांनी वर्गणी काढून, स्वतः राबून विहिरी खोदल्या होत्या, टाक्या बांधल्या होत्या, लहान लहान पाणी-समित्या चालवल्या होत्या. या विहिरी आता कोणाच्या? त्यांवर मीटर बसणार का? बापजाद्यांच्या पाळ्यांना कायद्यात जागा आहे की नाही? उत्तर कोणी नीट दिले नाही, म्हणून भीती वाढली.

म्हणून बिले निघण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९९९ मध्ये, पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांच्या संघटनेने रस्ते अडवले. ओमर फर्नांडिस हे त्यांचे पुढारी. शहरातील कामगारांचे पुढारी होते ऑस्कर ऑलिव्हेरा, बुटांच्या कारखान्यातील कामगार. विहिरीवाला आणि नळवाला एकत्र आले आणि पाणी व जीवन यांच्या रक्षणासाठी एक समिती उभी राहिली. एकाची विहीर जात होती, दुसऱ्याची कमाई जात होती. दोघांच्या लक्षात आले की गाठ एकच आहे.

जानेवारी २००० मध्ये शहर बंद पडले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पोलिसांशी चकमकी होऊन शंभराहून अधिक लोक जखमी झाले आणि सरकारने दरवाढ तात्पुरती मागे घेतली. मार्चमध्ये समितीने स्वतःच मतपेट्या ठेवून लोकांचे मत घेतले. सुमारे ५० हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतील बहुसंख्यांनी करार रद्द करा असेच सांगितले. सरकारने या मताला कायद्याचा आधार नाही म्हणून ते बाजूला सारले.

एप्रिलमध्ये गोष्ट टोकाला गेली. कोचाबांबाचे आर्चबिशप तितो सोलारी दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवण्यासाठी झटत होते. ७ एप्रिल रोजी प्रांताच्या अधिकाऱ्याने करार रद्द होत असल्याचे त्यांना कळवले आणि त्यांनी विश्वासाने ते लोकांना सांगितले. चौकात आनंद झाला. पण राजधानीतून तो शब्द फिरवण्यात आला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ह्यूगो बान्सेर यांनी देशात आणीबाणी पुकारली. त्याच दिवशी कोचाबांबाच्या रस्त्यावर व्हिक्टर ह्यूगो दासा नावाचा सतरा वर्षांचा मुलगा गोळी लागून मेला. दहा एप्रिलला सरकारने समितीशी करार केला. कंपनी गेली आणि कायदाही लगोलग बदलण्यात आला. शेतकऱ्यांच्या परंपरागत पाळ्यांना आणि लोकांच्या पाणी-समित्यांना नव्या कायद्यात मान मिळाला.

पाण्याच्या बिलावरून सुरू झालेल्या वादात एका घरचा मुलगा गेला. कोणताही विजय त्याच्या आईला पुरा पडला नसेल. दर ठरवणाऱ्यांनी आणि दराविरुद्ध उठणाऱ्यांनी, दोघांनीही हे विसरू नये.

विजयानंतरचे नळ

गोष्ट येथे संपली असती तर ती ऐकायला बरी वाटली असती. पण आम्हांला पुढचेही सांगितले पाहिजे. पाणीपुरवठा पुन्हा सेमापाकडे आला आणि दर खाली आले. परंतु गळती थांबली नाही, कारभारातील जुने दोष परत डोके वर काढू लागले, आणि दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांतील कितीतरी घरे पुढची अनेक वर्षे टँकरवाल्याचीच वाट पाहत राहिली. कंपनीने नुकसानभरपाईसाठी आंतरराष्ट्रीय लवादाकडे दावा लावला होता; जगभरातून टीका झाल्यावर जानेवारी २००६ मध्ये तो मिटला आणि भागीदारांनी आपला हिस्सा दोन बोलिव्हियानो, म्हणजे तेथील दोन नाणी, एवढ्या नावापुरत्या किमतीला सोडला. मिसिकुनीचे पाणी शहराकडे येऊ लागायला २०१७ साल उजाडावे लागले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने शुद्ध पाणी हा मानवी हक्क मानला, तो ठराव मांडण्यात बोलिव्हियाच पुढे होता. पण हक्क कागदावर येणे आणि पाणी घागरीत येणे यांत बरेच अंतर असते.

यातून आम्ही दोन धडे घेतो. पाणी देण्याआधी पट्टी वाढवणे अन्यायाचे आहे, हा पहिला. पट्टी खाली आणली म्हणून पाणी आपोआप येत नाही, हा दुसरा. मोर्चाला आलेली माणसे दुसऱ्या दिवशी घरी जातात. फुटलेली वाहिनी मात्र तेथेच वाहत राहते. तिच्यासाठी पैसा लागतो आणि त्या पैशावर लक्ष ठेवणारी माणसेही लागतात.

आपल्या जवळचा अनुभव

आता आपल्या भागाकडे येऊ. हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गी या शहरांच्या ठरावीक प्रभागांत २००८ पासून चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग सुरू झाला. यालाही जागतिक बँकेचे कर्ज होते आणि येथेही चालवायला खाजगी कंपनी होती, म्हणून विरोधही झाला. पण एक फरक होता. नव्या वाहिन्या घालण्याचा खर्च आधी शासनाने कर्ज काढून केला. घरोघर जोडण्या आणि मीटर बसले, आणि मग मीटरप्रमाणे टप्प्याटप्प्याचा दर आला. हुबळी-धारवाडमध्ये हा लाभ शहराच्या सुमारे दहाव्या भागालाच मिळाला आणि उरलेले लोक पुढे कित्येक वर्षे काही दिवसांआड काही तास येणाऱ्या पाण्यावरच राहिले, ही त्याची उणी बाजू. पण त्यामुळे एक गोष्ट झाली. एकाच शहरात दोन प्रकारचे नळ शेजारी शेजारी आले, आणि अभ्यासकांना त्यांची तुलना करता आली.

पाण्याच्या तपासणीत असे आढळले की थांबून थांबून येणाऱ्या नळांच्या जवळजवळ दर तिसऱ्या नमुन्यात विष्ठेतून येणारे जंतू होते; चोवीस तासांच्या नळांत ते क्वचितच सापडले. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वाहिनीत पाणी भरलेले असले की त्याचा दाब बाहेरच्या बाजूला असतो. भेग असली तर पाणी बाहेर झिरपते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते आणि त्याच भेगेतून भोवतालचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी नळ सुटला की पहिली धार हीच घाण घेऊन घरात येते.

दुसऱ्या एका अभ्यासात २०१० आणि २०११ या काळात तेथील ३,९०० हून अधिक कुटुंबांची आजारपणे नोंदवली गेली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. चोवीस तास पाणी असलेल्या भागांत विषमज्वराची नोंद ४२ टक्के कमी घरांत झाली. गरीब घरांतील मुलांत रक्ताची हगवण ३७ टक्क्यांनी कमी दिसली. साध्या जुलाबांत मात्र सर्वांचा विचार करता फारसा फरक पडला नाही. जुलाबाचे जंतू केवळ नळातून येत नाहीत. ते हातांवरून, माश्यांमुळे, उघड्या घागरीतून आणि शिळ्या अन्नातूनही येतात. म्हणून चांगला नळ आला तरी साबण सोडू नये.

शेतकरी कुटुंबाला विषमज्वर म्हणजे काय हे आम्ही वेगळे सांगायला नको. ऐन लावणीच्या दिवसांत घरचा कर्ता माणूस तीन आठवडे अंथरुणाला खिळला तर डॉक्टरचे बिल, बुडालेली मजुरी आणि हुकलेला वाफसा यांची बेरीज वर्षाच्या पाणीपट्टीहून मोठी होते. त्यामुळे खरेच शुद्ध आणि अखंड पाणी मिळत असेल तर त्यासाठी थोडे अधिक देणे हा तोट्याचा सौदा नाही. पाणी मात्र जुनेच, चार दिवसांनी येणारे, आणि दर नवा, असे असेल तर तो सौदाच नव्हे.

बिल कसे वाचावे

आता पहिल्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर. मीटरवरील एक युनिट म्हणजे एक हजार लिटर, सुमारे पन्नास-साठ घागरी पाणी. बहुतेक ठिकाणी दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिल्या टप्प्याचे पाणी स्वस्त, पुढचे महाग, त्यापुढचे आणखी महाग. उधळपट्टी करणाऱ्याने जास्त द्यावे हा हेतू चांगला आहे. पण त्यात गरिबाला अडकवणारी एक खोच आहे, ती उदाहरणाने पाहू. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा पहिल्या १० युनिटांना दर युनिट ८ रुपये, पुढच्या १० युनिटांना १२ रुपये आणि त्यापुढे २० रुपये. एका घराला महिन्याला १५ युनिट लागले तर ८० आणि ६० मिळून १४० रुपये झाले. आता दोन भावांची कुटुंबे, किंवा मालक आणि भाडेकरू, एकाच नळावर आहेत आणि प्रत्येकाला तेवढेच १५ युनिट लागतात. मीटरवर ३० युनिट दिसतील. हिशेब ८० अधिक १२० अधिक २०० असा ४०० रुपये होईल, म्हणजे प्रत्येकी २००. पाणी तेवढेच, उधळपट्टी कोणाचीच नाही, पण एकत्र राहिल्याबद्दल प्रत्येकाला ६० रुपये जास्त. म्हणून एका नळावर दोन चुली असतील तर वेगळी जोडणी घेण्याचा खर्च किती आणि दोन कुटुंबांची सवलत मिळते का, हे कार्यालयात लेखी विचारावे.

बिल अचानक वाढले तर रागावण्याआधी घरची गळती पाहावी. रात्री झोपताना सर्व नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आकडा पुढे सरकला असेल तर गळती आपल्याच हद्दीत आहे. संडासाची टाकी आणि जमिनीखालची नळी आधी तपासावी. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्रभर तांब्या ठेवला तर रोज किती पाणी वाया जाते हे मुलांनाही दिसते. आकडा हलला नाही आणि बिल तरीही अवास्तव असेल, तर मीटर तपासण्यासाठी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि बिलांचे कागद वर्षभर जपून ठेवावेत.

पाणी वाचवताना कोठे वाचवावे याचाही विवेक हवा. मोरीचे सांडपाणी परसातील केळी-आळूला द्यावे, नळाची पहिली धार झाडांना सोडावी, भांडी धुताना नळ उघडा ठेवू नये. पण हात धुण्यात, बाळंतिणीच्या आणि तान्ह्याच्या स्वच्छतेत काटकसर करू नये. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. बिल वाढले म्हणून उघड्या ओढ्याचे पाणी पिण्यास आणणे ही सर्वांत महाग काटकसर.

सभेत काय विचारावे

विहिरीवाल्या बंधूंना आता आमचे म्हणणे पटले असेल अशी आशा आहे. शिवाय नळ आता खेड्यातही आला आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घराला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरले, आणि गावातील योजना चालवण्याचा भार गावानेच उचलावा अशी त्यात अपेक्षा आहे. म्हणजे पाणीपट्टीचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या दारातही आलाच.

तेव्हा दरवाढीची सूचना लागली की आपण सभेला जावे आणि शांतपणे, पण उत्तर मिळेपर्यंत, पुढील गोष्टी विचाराव्यात. वाढीचा पैसा नेमका कशावर जाणार: पंपाच्या विजेवर, वाहिन्यांच्या दुरुस्तीवर, जुन्या कर्जावर, की अजून न बांधलेल्या योजनेवर? सोडलेल्या पाण्यातील किती पाणी घरांपर्यंत पोचते आणि किती गळते? ज्या वस्तीत नळ नाही तेथे तो कोणत्या वर्षी येणार? एका नळावर अनेक कुटुंबे असतील तर काय सवलत? विधवा, एकटे वृद्ध आणि भूमिहीन मजूर यांच्यासाठी काय तरतूद? आणि पाणी खेड्यातील झऱ्यांतून, विहिरींतून वा धरणातून नेले जाणार असेल तर तेथील शेतकऱ्यांच्या पाळीचे काय?

दर मोजताना टक्केवारीने फसू नये. 'फक्त दहा टक्के' हा शब्द ऐकायला लहान वाटतो. मोलमजुरी करणाऱ्या बाईने महिन्याचे बिल भरायला किती दिवस राबावे लागते, हे मोजावे. एका दिवसाच्या मजुरीत महिन्याचे शुद्ध पाणी मिळत असेल तर दर सोसण्याजोगा आहे असे आम्ही म्हणू. आठवडाभराची मजुरी जात असेल तर तो दर नव्हे, दंड आहे.

आणि ज्यांना परवडते त्यांनी आपले बिल वेळेवर भरावे. थकबाकीदारांत झोपडीवाल्यापेक्षा बंगलेवाला मोठा असला, तर त्याच्या थकबाकीचे ओझे शेवटी रिकाम्या घागरीवरच पडते. आपल्या गल्लीत वाहिनी फुटलेली दिसली की, ती आपल्या दारात नसली तरी, त्याच दिवशी कळवावे. कोचाबांबात विहीरवाला आणि नळवाला एकाच रस्त्यावर उभे राहिले तेव्हा कुठे त्यांचे ऐकले गेले. आपल्याकडे रस्त्यावर उतरण्याची वेळ येऊ नये, म्हणून त्या दोघांनी आधीच सभेच्या एका बाकावर शेजारी शेजारी बसावे. पुढच्या रविवारी पायऱ्यांवर बिलाचे कागद घेऊन या. आपण मिळून हिशेब करू. आणि विहीरवाल्यांनीही यावे.